मॅडम, लिबेरो आणि खारं वारं

कोकणात १९९८ साली दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे कोकण रेल्वे, २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली ती, आणि दुसरा लिबेरो, म्हणजे व्हॉलीबॉलमध्ये फक्त मागे राहून बॉल उचलणारा खेळाडू. पहिलीबद्दल सगळेच बोलतात, दुसऱ्याबद्दल फक्त आमच्या व्हॉलीबॉलच्या मॅडम बोलतात, आणि एकदा सुरू झाल्या की समोरचा चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. मॅडम यंदा कॉलेजमधून रिटायर होतायत म्हणून हे लिहायला बसले. नाव टाकत नाही, त्यांना चालणार नाही, आणि रत्नागिरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मॅडम पावसकडच्या. उंची जेमतेम पाच फूट. वाडीत पोरगे शूटिंग व्हॉलीबॉल, म्हणजे जोडलेल्या हातांनी बॉल मारायचा गावाकडचा प्रकार, खेळायचे, गणपती झाले की नाईट स्पर्धा, ट्यूबलाइटी लावून, आणि ह्या बाहेर गेलेला बॉल आणून द्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की बॉल कुठे पडणार हे त्यांना तिथेच कळायला लागलं, कारण काजूच्या झाडीत गेलेला बॉल शोधायचा कंटाळा यायचा, म्हणून आधीच जाऊन उभं राहायचं. कॉलेजात आल्यावर स्मॅशिंगचं, म्हणजे उडी मारून बॉल खाली ठोकायच्या व्हॉलीबॉलचं नेट पहिल्यांदा बघितलं. बायकांचं नेट २.२४ मीटर. मॅडम उडी मारून त्याच्या वर कशाबशा बोटं काढायच्या.

आता ज्यांनी तो जुना खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, १५ चा गेम, आणि एकेक गेम रडतखडत चालायचा. सहा जणी घड्याळाच्या काट्यासारख्या फिरणार म्हणजे मागे कितीही भारी खेळलात तरी तीन रोटेशन पुढे नेटवर उभं राहायलाच लागणार. मग सर काय करायचे, मॅडम पुढे आल्या की त्यांना बाहेर काढायचे आणि उंच मुलगी आत. पण सुरुवातीच्या सहातली मुलगी एकदा बाहेर गेली की त्या गेममध्ये एकदाच परत येऊ शकते, नंतर नाही. त्यामुळे ऐन १२-१२ ला, जेव्हा रिसीव्हची, म्हणजे समोरची सर्व्हिस नीट उचलायची खरी गरज, तेव्हा मॅडम बेंचवर बसून नखं खातायत. युनिव्हर्सिटीच्या ट्रायल्सना रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचं, कशेडी घाटात निम्म्या पोरी ओकायच्या, सकाळी उतरून तशाच ग्राउंडवर. टीममध्ये नाव आलं, वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेल्या, आणि तिथेही जास्त वेळ ट्रॅकसूट अंगावरच राहिला.

मॅडम बीपीएड, म्हणजे खेळाच्या शिक्षकाची डिग्री, करून शाळेत लागल्या आणि मग हा लिबेरोचा नियम आला, पाठोपाठ रॅली पॉइंट आला, म्हणजे सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकेल त्याला पॉइंट, २५ चा सेट आला. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाचा टीशर्ट घातलेली ती, मागच्या लाइनीतल्या कोणाच्याही जागी कितीही वेळा आत-बाहेर करू शकते, बदलीत मोजत नाहीत. ब्लॉक करायचा नाही, म्हणजे नेटवर उडी मारून समोरचा बॉल अडवायचा नाही, नेटच्या वरून बॉल मारायचा नाही, फक्त उचलायचा. मॅडम म्हणतात, ‘हा नियम माझ्यासाठीच केला गो, फक्त माझं खेळून झाल्यावर केला.’ हसून म्हणतात पण मला ते कधी पूर्ण हसणं वाटलं नाही.

त्यानंतर कॉलेजात आल्या त्या सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही वर्षाच्या शेवटी कधीतरी एकदम, आणि ग्राउंडवरचे तास कोणी तासच धरत नाही. परमनंट व्हायला बरीच वर्षं गेली. मधे सुट्टीत पतियाळाला जाऊन एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स करून आल्या, लहान मुलगा सासूबाईंकडे ठेवून, त्यावरून घरात काय झालं ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

मी लिफ्टर होते, म्हणजे स्मॅश मारणारीला बॉल वर उचलून देणारी, त्यामुळे मॅडमची खरी किंमत मला माहीत. लिफ्टरचं कसं असतं, पास डोक्यावर आला की तुम्ही हुशार दिसता, पास तीन मीटरच्या लाइनीच्या मागे गेला की तुम्ही बावळट. आमच्या टीममध्ये पास डोक्यावर यायचा. उंच पोरी नव्हत्याच आमच्याकडे, कुठून आणणार, पण रिसीव्ह असं की मुंबईच्या टीमच्या सर्व्हिस करणाऱ्या पोरी तिसऱ्या सर्व्हिसला बाकावर बसलेल्या कोचकडे बघायला लागायच्या.

हे कसं झालं तर वाऱ्यामुळे. आमचं ग्राउंड समुद्राच्या बाजूला उघडं, दुपारनंतर खारं वारं सुटतं, आणि फ्लोट सर्व्हिस, म्हणजे जिला फिरकीच नसते ती, आधीच हवेत डुगडुगत येते, त्यात हे वारं. बॉल छातीवर येतोय म्हणून हात लावावे तर खांद्यावरून मागे. दुसरे कोच अशा वेळी प्रॅक्टिस आत हॉलमध्ये घ्यायचे, मॅडम मुद्दाम वाऱ्याच्या तोंडी उभं करायच्या. हाताकडे बघू नका, समोरचीच्या तळव्याकडे बघा, बॉलवर तळवा कुठे लागला ते बघा आणि तिथूनच पाय हलवा. हात शेवटी. ‘पाय गो पाय, हात कुठे पळून जात नाहीत’ हे वाक्य आमच्या बॅचच्या प्रत्येकीला झोपेत पण ऐकू येतं. एवढं केल्यावर मुंबईच्या बंद हॉलमध्ये गेलो की तोच बॉल सरळ यायचा, एकदम शहाण्यासारखा, आम्हाला हसूच यायचं.

आणि पाऊस. कॉलेज सुरू होतं जूनमध्ये आणि ग्राउंड मिळतं गणपतीनंतर, तेही गवत काढून, रोलर फिरवून, चुन्याच्या लाइनी मारून. तोपर्यंत काय करायचं? जिमखान्याच्या बाहेरच्या व्हरांड्यात जांभ्याची भिंत, त्यावर खडूने एक चौकोन, आणि त्या चौकोनात अंडरआर्म. भिंत खडबडीत, बॉल सरळ परत येतच नाही, पुन्हा पाय. कडा निघालेले जुने बॉल वापरायचे, पागोळ्यांत भिजून जड झालेले. नवा बॉल २६०-२८० ग्रॅमचा असतो, आमचा तो भिजलेला किती असेल देव जाणे, पण संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल आणि त्यावर शिलाईचे ठसे. आई म्हणायची कॉलेजात मारतात का तुला.

एक सांगते, मॅडमचं सगळंच मला पटायचं नाही. ब्लॉकवर त्यांनी कधी मेहनत घेतली नाही. त्यांच्या डोक्यात ब्लॉक म्हणजे उंच लोकांची चैन. पण दोघी वेळेवर एकत्र उडाल्या तर साडेपाच फुटी पोरी पण कोपरा बंद करू शकतात, बॉल कुठे येणार हे मागच्यांना कळतं, आणि आम्ही दोन-तीन महत्त्वाच्या मॅचेस तिथेच घालवल्या असं माझं ठाम मत आहे. त्यांना तोंडावर सांगितलं तर म्हणाल्या, मग तू कोच हो.

कोचिंगमधलं अर्धं काम ग्राउंडबाहेरचं होतं. वस्तीची एसटी चुकली तर मुलगी रात्री जाणार कुठे, हा प्रश्न प्रत्येक घरचा, आणि तो खोटा पण नाही. मॅडमनी प्रॅक्टिसची वेळ एसटीच्या टाइमटेबलवरून ठरवली. घरोघरी जायच्या, मिरकरवाड्यात, साखरीनाट्याला, ओटीवर बसून चहा प्यायच्या आणि व्हॉलीबॉलचा विषय सगळ्यात शेवटी काढायच्या. एका मुलीच्या घरी शॉर्ट्सवरून अडलेलं, मॅडमनी सांगितलं फुल पँट आणि डोक्याला स्कार्फ बांधून खेळू दे, मी बघते. ती आमची लिबेरो होती, आणि अशी डाइव्ह मारायची की जांभ्याच्या खडीवर नी-कॅप दोन महिन्यात फाटायची.

परवा मॅडमना अमेरिकेतला तो व्हिडिओ दाखवला, नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा, ३० ऑगस्ट २०२३ ची मॅच, कॉलेजच्या मुलींचं व्हॉलीबॉल आणि बघायला ९२,००३ माणसं. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध कोर्ट टाकलेलं. आमच्या फायनलला दोन शिपाई, ज्युनियरची काही पोरं आणि एक कुत्रा असायचा. मला वाटलं मॅडम गर्दीबद्दल काहीतरी बोलतील. त्या स्क्रीनजवळ जाऊन म्हणाल्या, ‘ही लिबेरो सर्व्हिस करतेय?’ तिकडच्या कॉलेजच्या नियमात लिबेरोला एका रोटेशनमध्ये सर्व्हिस करता येते, आपल्याकडे येत नाही. मग पुढचा अर्धा तास तेच.

टीवाय, म्हणजे कॉलेजचं शेवटचं वर्ष, झाल्यावर मुलींनी खेळायचं कुठे, हे मात्र अजून तसंच आहे. मोठी लीग आली ती पुरुषांची. मुलींसाठी पोलीस भरती, रेल्वे, आणि खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी सर्टिफिकेटं पडताळून घ्यायची धावपळ. मॅडमच्या काही मुली पोलिसात आहेत, एक शाळेत पीटी घेते, बाकी माझ्यासारख्या बँकेत बसून पाठ धरलीय. मॅडमच्या जागी परमनंट माणूस भरणार की परत सीएचबीवरच चालवणार ते कॉलेज काही बोलत नाहीये, मला सीएचबीच होईल असं दिसतंय.

मॅडमचं पुढचं ठरलंय. पावसला घराशेजारच्या मळ्यात नेट बांधणार आहेत, शाळेतल्या पोरींसाठी, भात कापून झालं की. खांबांसाठी जुने पाइप मिळालेत, नेट आमची बॅच देतेय. बॉल कमी पडतायत, तर ज्यांच्या घरी माळ्यावर जुने पडले असतील, हवा राहत असेल तर, मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. कडा निघालेले पण चालतील, मॅडमना तर तेच हवेत.