आमची वाटचाल: आधी गाडी मोजायची, मग फेअरिंग निवडायची

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं फायबरचं काम सुरू झालं ते टाक्यांची झाकणं, ट्रॅक्टरची टपं आणि कूलरच्या बॉड्या यांवर. जुन्या मोटरसायकलींची फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं पुढचं फायबरचं आवरण, हे काम नंतर आलं आणि आता शेडमधली निम्मी जागा त्यानेच व्यापली आहे. राजदूत ३५०, म्हणजे लोकांच्या तोंडची आरडी, त्यापाठोपाठ येझदी-जावा आणि जुनी बुलेट, या तीन घराण्यांतल्या गाड्या आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. पहिल्या काळात आम्ही फोटो बघून आकार ठरवत होतो. आता गाडी मोजल्याशिवाय आकाराचा विषयच काढत नाही. हा बदल कसा झाला आणि पूर्ण फेअरिंग निवडताना नेमकं काय बघायचं, ते इथे मांडतो.

आधी काळ ठरवा. चाकासकट सगळं पुढचं अंग झाकणारी फेअरिंग १९५० च्या दशकात ग्रां प्रीच्या रेसमध्ये होती. बाजूच्या वाऱ्यात अशी गाडी आवरेना, म्हणून १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने ती रेसमध्ये बंद केली. पुढचं चाक उघडं ठेवणारा ‘डॉल्फिन’ आकार त्यानंतर रूढ झाला आणि आजही पूर्ण फेअरिंग म्हणजे मुख्यतः तोच. साठच्या दशकातल्या जावावर तो शोभतो. बुलेटवाल्यांना आम्ही वेगळी वाट सुचवतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डने स्वतःच ‘एअरफ्लो’ नावाची फायबरची फेअरिंग काढली होती. पाय झाकणारी, रुंद, प्रवासाची. तो वळसा बुलेटच्या उंच हँडलला साजतो, आणि घराण्याबाहेरचं काही लावल्यासारखं वाटत नाही. प्रवासी आकाराची दुसरी मोठी पायरी म्हणजे १९७६ ची बीएमडब्ल्यू आर १०० आरएस. तिची फेअरिंग पिनिनफारिना या इटलीतल्या डिझाइन कंपनीच्या वायूबोगद्यात तपासून घेतली होती. जुन्या गाडीच्या मालकाने या फेअरिंगचे फोटो एकदा नीट बघावेत. गुडघ्यावरची हवा कुठे वळवली आहे ते लगेच कळतं.

आरडीवाल्यांची मागणी बहुतेक एकच असते: यामाहाच्या टीझेड रेसरसारखी द्या. टीझेडला किक नाही, स्टँड नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, आणि स्वार टाकीवर आडवा झोपलेला असतो. तोच साचा आरडीवर चढवला की डाव्या बाजूला मॅग्नेटचं झाकण आणि उजवीकडे ऑईल पंपाचं झाकण आतून घासतं, किकला वाट राहत नाही, आणि साधं हँडल वळवलं की अंगठा फायबर आणि टाकी यांच्यात चेमटतो. म्हणून आरडीसाठी पोट रुंद केलेला आमचा स्वतःचा साचा आहे. रोज गावात फिरणाऱ्या आरडीला मात्र पूर्ण फेअरिंग घेऊच नका, अर्धी घ्या, असं आम्ही तोंडावर सांगतो. सिग्नलला उभ्या राहणाऱ्या, हवेनेच थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला खालचं पॅनल नकोच.

मोजणीची पद्धत साधी आहे, पण तिला अर्धा दिवस लागतो. गाडी स्टँडवर सरळ उभी करायची, ओळंब्याने खात्री करायची. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर, ग्रिप, मुठीतली बोटं जिथे सर्वांत पुढे येतात तिथे पुठ्ठा धरून खूण करायची. हातमोजा घातलेली मूठ आणि फेअरिंग यांत निदान २५ मिलिमीटर मोकळे हवेत. क्लचची आणि अॅक्सिलेटरची केबल वळताना ताणत नाही ना, तेही याच वेळी बघायचं. केबल फेअरिंगच्या काठाला अडकली तर हँडल वळवताना इंजिन आपोआप रेस होतं, आणि तो प्रकार जिवावर बेतणारा आहे.

मग पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण गाडी उभी असताना चाक आणि फेअरिंग यांत भरपूर जागा दिसते. फोर्कच्या स्प्रिंगा काढायच्या, गाडीला खालून जॅक देऊन फोर्क तळाला टेकेपर्यंत गाडी खाली घ्यायची, आणि त्या स्थितीत चाक डावीकडे-उजवीकडे फिरवून मडगार्ड आणि फेअरिंग यांतलं अंतर मोजायचं. १५ मिलिमीटरपेक्षा कमी जागा आम्ही मान्य करत नाही. स्प्रिंगा न काढता दोघांनी हँडलवर जोर देऊन केलेली मोजणी फसवी असते. फोर्क कधीच पूर्ण तळाला जात नाही. खड्ड्यात मात्र जातो.

खालच्या कडेसाठी मागच्या सीटवर दोन माणसं बसवायची आणि टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून फूटरेस्टच्या टोकापर्यंत सरळ फळी धरायची. फेअरिंगचा कोणताही भाग त्या फळीच्या आत २० मिलिमीटर राहायला हवा. वळणावर आधी फूटरेस्ट घासला तर तो दुमडतो आणि स्वाराला इशारा मिळतो. फायबर आधी टेकलं तर तुटलेला तुकडा मागच्या चाकाखाली जाऊ शकतो.

येझदी-जावाची गोष्ट वेगळी. तिथे किक आणि गिअरचा दांडा एकच, आणि तो डाव्या बाजूला. दांडा आत दाबून वर उलटा फिरवायचा, मग मागे खाली मारायचा. म्हणजे फेअरिंगच्या डाव्या खालच्या पॅनलला किकचा मोठा फेरा आणि गिअरची छोटी हालचाल या दोन्हींसाठी वाट लागते. पुठ्ठ्याचं पॅनल लावून बूट घातलेल्या पायाने दहा वेळा किक मारून बघायची. अनवाणी किंवा चपलेने केलेली चाचणी आम्ही धरत नाही, कारण बुटाची टाच आणखी ३० ते ४० मिलिमीटर जागा घेते. जुन्या बुलेटला गिअर आणि किक दोन्ही उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, त्यामुळे तिथे कापायची बाजू बदलते.

आता बांधणीकडे येतो, कारण तयार फेअरिंग विकत घेतानाही हेच तपासायचं असतं. पूर्ण फेअरिंगचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर भरतं. त्याला चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) दोन थर, म्हणजे १.३५ किलो मॅट, कापाकापीसकट दीड-पावणेदोन किलो. रेझिन, म्हणजे मॅट भिजवून कडक होणारा राळेसारखा द्रव, मॅटच्या सव्वादोन ते अडीच पट, म्हणजे तीन-सव्वातीन किलो. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, चौरस मीटरला ६०० ग्रॅम, म्हणजे ९०० ग्रॅम, त्याची जाडी अर्धा मिलिमीटर होते. अंगाची जाडी सुमारे २ मिलिमीटर आणि वजन साडेपाच किलोच्या आसपास येतं. आरडीला आम्ही एक थर ३०० चा आणि एक ४५० चा देतो. वजन पाऊण किलोने कमी होतं आणि कडा दुमडून घेतल्या की ताठपणा पुरेसा राहतो. कोणी आठ किलोची फेअरिंग दाखवली तर ती मजबूत आहे असं समजू नका. त्यात मॅट कमी आणि रेझिन जास्त आहे, आणि नुसतं रेझिन काचेसारखं तडकतं. फेअरिंग उलटी करून उजेडासमोर धरा. मॅटचे धागे सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. पांढरे ठिपके म्हणजे कोरडी मॅट, चकचकीत डबकी म्हणजे साचलेलं रेझिन.

कोल्हापूरचा पावसाळा हे या कामातलं खरं दुखणं. मॅट ओल धरते, जेलकोट नीट वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या जेलकोटवर रेझिन पडलं की त्यातलं स्टायरिन हे द्रावक खालचा थर फुगवतं. साचा उघडल्यावर पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा सुरकुतलेला निघतो. पातळ मारलेल्या जेलकोटलाही हेच होतं. म्हणून मॅट आता बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवतो, आणि जेलकोटवर बोट टेकवून बघतो: चिकट लागावा, पण बोटाला रंग येऊ नये. त्याआधी मॅट टाकायची नाही. हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) किलोला १५ ग्रॅम, मे महिन्यात १० पर्यंत, त्याखाली कधीच नाही. कमी हार्डनरचं फायबर वरून कडक दिसतं आणि उन्हात उभ्या गाडीवर आठवड्याभरात वाकतं. शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशीच सांगतो: कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं रसायन) आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आम्ही कोबाल्ट घातलेलंच रेझिन आणतो, म्हणजे दोन बाटल्या शेजारी येतच नाहीत.

परत येणाऱ्या फेअरिंगमध्ये सर्वांत जास्त तडे बोल्टच्या भोकापासून सुरू झालेले असत. पहिल्या काळात सगळे बोल्ट कडक आवळले जायचे. चासी चालताना थोडी पिळवटते, बुलेटचं इंजिन हादरे देतं, आणि कडक पकडलेल्या फायबरला ते सगळं सहन करावं लागतं. आता पद्धत अशी: हँडलच्या टी-सेटमागे (फोर्क पकडणाऱ्या भागामागे), चासीच्या डोक्यावर पुढचा एक पक्का आधार, आणि बाकीचे चार आधार रबरवर तरंगते. भोकाभोवती आतून ७५ आणि ६० मिलिमीटर व्यासाचे मॅटचे दोन जादा गोल. सहा मिलिमीटरच्या बोल्टला भोक १० चं, त्यात रबरी ग्रोमेट, आत धातूची नळी, दोन्हीकडे २५ मिलिमीटरचे रुंद वायसर. नळीमुळे बोल्ट पूर्ण आवळला तरी फायबर चेपत नाही. भोक नेहमी जेलकोटच्या बाजूने, चिकटपट्टी लावून, हळू फिरणाऱ्या ड्रिलने पाडायचं. आतून पाडलं की बाहेरचा जेलकोट टवका होऊन उडतो आणि पुढचा तडा तिथूनच निघतो.

फेअरिंग फोर्कवर कधीच बसवू नका. छोटं व्हायझर चालतं. पूर्ण फेअरिंगचं काच-ब्रॅकेटसह सात-आठ किलो वजन हँडलबरोबर फिरायला लागलं आणि त्यावर ट्रकच्या वाऱ्याचा झोत बसला की हँडल थरथरायला लागतं. चासीला ब्रॅकेट वेल्ड करणंही आम्ही पूर्ण बंद केलं आहे. दोन तुकड्यांचे अॅल्युमिनियमचे क्लॅम्प वापरतो. बुलेटला इंजिनापुढे एकच उभा पाईप, आरडीला दोन, आणि प्रत्येक पाईप व्हर्नियरने मोजावाच लागतो, कारण वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी पुस्तकातलं माप खोटं ठरतं. गोव्यात आणि किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्यांना बोल्ट-वायसर स्टेनलेसचे देतो.

काच अॅक्रिलिकची घेतली तर भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं हवं. हिवाळ्याची सकाळ आणि उन्हाळ्याची दुपार यांत ४०० मिलिमीटरची काच एक मिलिमीटरहून जास्त वाढते, आणि घट्ट भोकाला तिथेच तडा जातो. स्क्रू नायलॉनचे, मागे रबरी नट. पॉलीकार्बोनेट फुटत नाही, पण पेट्रोल, थिनर आणि आटे पक्के करायचं द्रावण यांनी ते धुरकट होऊन चिरतं.

उष्णतेचं काम शेवटी येतं, पण तिथे घाई केली तर पिस्टन चिकटतो. साधं पॉलिएस्टर फायबर ६०-७० अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणून सायलेन्सरच्या बेंड पाईपपासून २५ मिलिमीटर अंतर आणि आतून अॅल्युमिनियमचा पत्रा. इंजिनासमोरची खिडकी निदान फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) रुंदीइतकी ठेवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागे बाहेर पडायची वाट खिडकीपेक्षा मोठी ठेवतो. हवा आत घेणं सगळ्यांना सुचतं, बाहेर काढणं राहून जातं. चाचणीसाठी स्पार्क प्लगच्या वायसरच्या जागी तापमान मोजणारी कडी बसवतो आणि करूळ घाटाने वैभववाडीकडून गगनबावड्याला तीच गाडी, तेच ओझं, त्याच गिअरमध्ये दोनदा चढवतो, एकदा फेअरिंगशिवाय आणि एकदा लावून. फरक २० अंशांहून जास्त आला तर खालचं पॅनल परत कापायला घेतो. त्यानंतर प्लगचा रंग. फेअरिंगने कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेचा दाब बदलतो. प्लग पांढरट दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर टू-स्ट्रोकला मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर वाढवूनच गाडी मालकाच्या ताब्यात देतो.

कागदांचंही आधी बघावं लागतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. शिवाय जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, आणि ती मिळायला गाडी मूळ रूपात असावी लागते. जुनी जावा किंवा बुलेट घेऊन येणाऱ्याला आम्ही विचारतो, ही नोंदणी करायची आहे का. करायची असेल तर ती आधी, मूळ रूपातच होऊ द्या, आणि फेअरिंगबद्दल आरटीओत विचारूनच पुढे जा. म्हणूनच आमची कोणतीही फेअरिंग चासीला भोक न पाडता, न कापता बसते, आणि दोन पान्यांनी तासाभरात उतरते. काढलेला मूळ हेडलाईटचा कंस, त्याचे नट-बोल्ट आणि इंडिकेटरचे दांडे ग्रीस लावून पिशवीत भरतो, पिशवीवर गाडीचा नंबर लिहितो, आणि पुठ्ठ्याच्या मापांसह मालकाच्या हातात देतो.