पसरणीचा घाट सोडून: वाई ते लिंब, सायकलवर रमतगमत

पुण्याकडचे सायकलवाले वाईला येतात ते बहुतेक पसरणीचा घाट चढायला. पाचगणीला फोटो काढायचा, घाट सुसाट उतरायचा आणि संध्याकाळच्या आत घरी. मला घाटात रस नव्हता. जानेवारी सरत आलेला, शाळू हुरड्याला आलेला, हळदीचा पाला वाळून पिवळा पडलेला. अशा दिवसांत कृष्णेच्या अंगाअंगानं गावं बघत जायचं आणि दिवसाला तीसेक किलोमीटरच्या वर सायकल हाणायची नाही, एवढंच ठरवलं होतं. गिअरची साधी सायकल, मागं एक पिशवी आणि मी एकटी.

मुक्काम वाईतच करावा, सोयीचा पडतो. सकाळी गणपती आळीच्या घाटावर थंडी चांगलीच बोचते, जाकीट हवंच. दहानंतर तेच ओझं होतं, म्हणून घडी घालून पिशवीत मावेल असं पातळ घ्या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात. तुम्ही मागच्या बाजूला जा. तिथली भिंत निमुळती होत गेलेली आहे, माशासारखी. पुराचं पाणी आदळण्याऐवजी दोन बाजूंना फुटावं म्हणून ही युक्ती.

मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा विचारून, सांगतील तेवढ्याच भागात फिरावं. मला वाड्यापेक्षा मागचा घाट आवडला. तिथल्या छोट्या देवळीत एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले, शेजारी महादेवाचं देऊळ, खाली धुणं धुणाऱ्या बाया. कुणालाही यात काही वावगं वाटत नाही. सिनेमांच्या शूटिंगमुळे हा घाट फार प्रसिद्ध झालाय, त्यामुळे रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोड्यांची रांग लागते. आडवारी, नऊच्या आत पोचा.

नदीपलीकडं भोगावात वामन पंडितांची समाधी आहे. शाळेत त्यांच्या श्लोकांनी छळलं असलं तरी थांबा. जागा निवांत आहे.

पुढं धोमपर्यंत दोन्हीकडं ऊस, गहू, हरभरा आणि अधूनमधून हळद. एका शेताच्या कडेला पाणी प्यायला थांबले तर हळद काढणाऱ्या आजींनी चौकशी सुरू केली.

"कुठनं आलीस गं?"

"पुण्याहून. वाईपासून सायकलवर."

"एकलीच? आन् गाडी बंद पडली व्हय?"

हौसेनं सायकल चालवते हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, पण ओल्या हळदीचे दोन गड्डे मात्र हातात कोंबले. एकट्या बाईनं या वाटेनं जावं का, असं मैत्रिणी विचारतात. दिवसाउजेडी खुशाल जावं. प्रश्नांची तेवढी तयारी ठेवावी.

धोमच्या देवळात नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे आणि भोवतीचं कुंड कमळाच्या आकाराचं. कुंडात पाणी असेल तर कासव खरंच तरंगतंय असं वाटतं. धरणाकडं थोडी चढण लागते, पायउतार होऊन ढकलत गेलात तरी काही बिघडत नाही. जेवणाची भिस्त धोमवर ठेवू नका, भाकरी-चटणी वाईतूनच बांधून घ्या.

दुसऱ्या दिवशी लिंब. वाईपासून वीस-पंचवीस किलोमीटर. या बाजूची खरी भीती उसाच्या ट्रॅक्टरची. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं चाललेले असतात. ऊस बाहेर लोंबत असतो आणि आत गाणी इतकी मोठ्यानं लावलेली असतात की तुमची घंटी ऐकू जाणं अशक्य. मागून आवाज आला की सरळ रस्त्याखाली उतरायचं. महामार्गावर जमेल तितकं कमी जा. सेवा रस्ता आणि गावातले रस्ते विचारत विचारत पुढं सरका. हॉटेलवाल्यापेक्षा दूध घालायला निघालेल्या माणसाला विचारावं, त्याला खड्डेसुद्धा पाठ असतात.

काट्यांचा बंदोबस्त करूनच या. बांधावरच्या बाभळी तोडून टाकलेल्या असतात, तेव्हा पंक्चर ठरलेलंच. पंक्चरवाले फाट्याफाट्यावर आहेत, पण ते मोटरसायकलचे. तुमच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व असेल तर त्यांच्या हवेची नळी बसत नाही. पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, खिशातला पंप आणि एक जादा ट्यूबही.

लिंबची बारामोटेची विहीर इंटरनेटवर सर्रास 'इ.स. १६४१ ते १६४६' अशी सापडते. शिलालेखातले हे आकडे शकाचे आहेत. म्हणजे काम १७१९ ते १७२४ या काळातलं, थोरल्या शाहू महाराजांच्या अमलातलं. बांधवून घेतली वीरूबाई भोसल्यांनी. अष्टकोनी विहीर, वर एकावेळी बारा मोटा चालतील एवढी सोय आणि आत, पाण्याच्या वरच्या अंगाला, चक्क एक छोटा महाल. भर दुपारी इथं या. बाहेर ऊन चटके देत असताना महालात गारवा असतो, मी तिथं दीड तास काढला. कठडे कमी आहेत, सेल्फी जपून.

तिथून सातारा सोळा किलोमीटर. परतीला रेल्वे धरणार असाल तर लक्षात घ्या, साताऱ्याचं स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. सायकल लगेजमध्ये लावायची तर गाडीच्या तासभर आधी पोचा. वेळ उरला तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर चक्कर मारा, तिथं शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे.