‘काही होत नाही हो!’ आणि माझी अँजिओग्राफी

टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, पॉझिटिव्ह आली, डॉक्टरांनी अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा बघायची तपासणी, सांगितली, आणि जो तो मला एकच ऐकवू लागला: "काही होत नाही हो!" इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या शेजारणी, धाकटे दीर, अगदी फॉर्म घेऊन आलेला ज्युनिअर डॉक्टरसुद्धा. "आंटीजी, कुछ नहीं होगा, यहाँ साइन कर दो." फॉर्मवर मात्र हार्ट अटॅक, पॅरालिसिस, मृत्यू, सगळं ओळीनं छापलेलं. काहीच होत नाही तर सही कशाला रे बाबा? बीपी आणखी चढलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. मराठीच, इथलेच. स्टूल ओढून बसले. "काकू, नेमकी कशाची भीती वाटतेय?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, मरणाची नाही. जागेपणी हृदयापर्यंत नळी जाणार, त्याची.

मग माझ्याच मनगटावर बोट ठेवून ते सांगत गेले. इथे भुलीचं इंजेक्शन, ते टोचेल. पुढे नळी सरकलेली सहसा कळत नाही, रक्तवाहिनीला आतून स्पर्श जाणवत नाही. कधी हातातली शीर आखडते, कळ येते. लगेच सांगायचं, औषध देऊ. डाय, म्हणजे एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडलं की अंग गरम होईल. आणि धोका? "आहे. मोठा त्रास शंभरात एकालाही होत नाही, पण शून्य म्हणणार नाही." त्या रात्री मी झोपले.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही तपासणी करतात त्या खोलीत, हुडहुडी भरवणारा एसी. सिस्टर केरळची, हिंदी मोडकंतोडकं, पण प्रत्येक गोष्ट आधी सांगायची: "अम्मा, अब गरम लगेगा." आणि लागायचंच! सांगितलं तसंच घडतंय म्हटल्यावर मुठी आपोआप सैल झाल्या.

हृदयाच्या एका शिरेत 40 टक्के अडथळा निघाला. स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळी, नको; गोळ्या आणि चालणं. लेक फोनवर "आई एकदम नॉर्मल" सांगत सुटला, तर डॉक्टरांनी त्यालाही अडवलं: "नॉर्मल नाही, आटोक्यात आहे." मनगटाचा घट्ट पट्टा काढताना सिस्टरनं बजावलं, थोडं काळंनिळं पडेल ते चालेल; सूज वाढली किंवा रक्त आलं तर दाबून धरून थेट इकडे यायचं.

सुट्टी मिळताना मी हळूच विचारलं, "सकाळच्या पोह्यांवर चिमूटभर सेव तरी?" इंदूरचा माणूस, समजून घेईल असं वाटलं होतं.

"पोहे खा. सेव नाही."