तुम्ही विचारलंत म्हणून: जोतं किती उंच?

मेक्सिकोच्या आखातात वादळ घोंगावायला लागलं की माझा फोन वाजतो. पहिला सांगलीहून, भावाचा. "ताई, दरवर्षी बुडतंय ते ह्यूस्टन. तरी लोक तिथंच घरं बांधतात, वर विमा पण काढतात. डोकं ठिकाणावर आहे का तुमच्या लोकांचं?" नणंद हेच जरा गोड शब्दांत विचारते. मंडळात नव्यानं आलेली जोडपी घर बघायला निघाली की हेच विचारतात. म्हणून म्हटलं, एकदा बसून नीट लिहून टाकावं. (भाऊ राहतो तिथं 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. हे मी त्याला दर वेळी ऐकवत नाही. एकाआड एक वेळी ऐकवते.)

2017 साली गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती, शुक्रवारी. त्याच रात्री हार्वी वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. ते गाव आमच्यापासून गाडीनं तीनेक तासांवर, त्यामुळे वाऱ्याचा त्रास आम्हाला फारसा झालाच नाही. आपण वाचलो असं वाटलं, आणि मग ते वादळ पुढे सरकेचना. आमच्याकडे वर्षाला साधारण 50 इंच पाऊस पडतो. त्या चार दिवसांत शहराच्या बऱ्याच भागांत 40 इंचांच्या आसपास पडला. शनिवारी रात्री, म्हणजे रविवार उजाडताना दोनच्या सुमारास, बाथरूमच्या मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला. पूर दारातून येतो अशी माझी समजूत होती. तो भिंतीच्या कडेकडेनं, लादीच्या सांध्यांतून, चोरासारखा आला. नवऱ्यानं गणपती उचलून ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवला. मी देवघर खुर्चीवर चढवलं. ज्वारीच्या पिठाचा डबा तरंगत तरंगत दिवाणखान्यात गेला आणि सोफ्याला टेकून उभा राहिला. पहाटे मोजलं तर 14 इंच. भाऊ तेव्हाही फोनवर म्हणाला होता, "बाप्पाला यंदा नदीपर्यंत न्यायला नको म्हणायचं."

आता मुद्द्याचं. आमचं घर सरकारी नकाशावरच्या पूरक्षेत्रात नव्हतं. इथं 'शंभर वर्षांचा पूर' अशी एक रेघ असते. महाराष्ट्रात जशी पाटबंधारे खात्याची लाल रेषा, तसंच. नाव ऐकून वाटतं, आजोबांच्या वेळी आला होता, आता नातवंडांच्या वेळी येईल. खरा अर्थ एवढाच, की तो पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत ती शक्यता साधारण चारात एक होते. आणि रेघेच्या बाहेर गेलं म्हणजे शक्यता शून्य झाली असं नाही, कारण पाण्याला रेघ दिसत नाही. हार्वीत आमच्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्या रेघेच्या बाहेर होती. रेघेच्या आत असाल तर बँक पुराचा विमा काढायला लावते. बाहेर असाल तर कोणी विचारत नाही. घराच्या साध्या विम्यात पूर धरलेलाच नसतो. हे मी मंडळातल्या प्रत्येक नव्या जोडप्याला सांगते आणि प्रत्येकाचा चेहरा तसाच पडतो. भारतात आता घराच्या साध्या पॉलिसीत पूर येतो. इथं वेगळी पॉलिसी लागते, ती मुख्यतः 1968 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून मिळते, आणि काढल्यावर तीस दिवसांनी लागू होते. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

आमच्याकडे ती होती, पण त्यात आमची अक्कल काहीच नव्हती. घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, तुम्हाला गरज नाही. शेजारच्या आजीबाईंनी मात्र कुंपणावरून बजावलं, कोणी काही सांगो, तेवढा काढा. वर्षाला साडेचारशे डॉलरच्या आसपास पडायचा.

पाणी उतरल्यावर भिंती कापाव्या लागतात. पाणी 14 इंच आलं असलं तरी चार फुटांवर आडवी रेघ मारून खालचं सगळं काढायचं, कारण इथल्या भिंती ज्याच्या असतात तो शीटरॉकचा, म्हणजे जिप्समचा, तक्ता चार फूट रुंद येतो. आठवडाभर गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, गालिचे, कपाटं आणि कापलेल्या भिंती यांचे माणूसभर उंच ढीग होते. तो वास मी अजून विसरलेले नाही. मग विम्याचा माणूस आला. बिचारा दूरच्या राज्यातला, दिवसाला कितीतरी घरं बघून थकलेला. घरातल्या सामानाची किंमत जुनेपणा वजा करून मिळते, त्यामुळे तो प्रत्येक वस्तूचं वय विचारत होता. खालच्या खणात सासूबाईंची पैठणी होती. "वय?" साठ वर्षं. "वापर?" काय सांगणार? लग्नात नेसलेली, एवढंच सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि 'कपडे, जुने' या रकान्यात ती घातली. त्याचा दोष नाही. पैठणी जितकी जुनी तितकी मोलाची, हे कुठल्या कोष्टकात बसणार? घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, आणि तुम्ही बाहेर भाड्यानं राहता त्याचे शून्य. आम्ही सात महिने बाहेर राहिलो.

मग लोक तिथं का बांधतात? माझं उत्तर असं, की पुराच्या जागी बांधण्यात वेडेपणा नाही. जोत्याविना बांधण्यात आहे. सांगलीचं आमचं जुनं घर बांधताना आजोबांनी गवंड्याला आधी एकच गोष्ट विचारली होती: जोतं किती उंच? ह्यूस्टनमध्येही जुन्या वस्त्यांतली लाकडी घरं खुंटांवर उभी असत, खालून पाणी जायला वाट. मग स्वस्त आणि झटपट म्हणून काँक्रीटची लादी जमिनीवर ओतून तिच्यावर घर उभं करायची पद्धत आली. सपाट प्रदेश, चिकणमाती, आणि घर जमिनीपासून वीतभर उंच. आमचंही तसंच.

शहराच्या पश्चिमेची गोष्ट तर याहून वरची. तिथं अॅडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत, 1940च्या दशकात लष्कराच्या इंजिनियरांनी खालच्या शहराला वाचवायला बांधलेले. एरवी ते कोरडे असतात, झाडी, पायवाटा आणि मैदानं. पण ते काठोकाठ भरतील तेव्हा पाणी जिथवर पसरेल ती सगळी जमीन सरकारनं विकत घेतली नव्हती. उरलेली, पूर्वीची भातशेतीची, बिल्डरांना मिळाली आणि धरणाच्या पोटात वसाहती उठल्या. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या आराखड्यांवर, इथं जलाशयाचं पाणी येऊ शकतं, अशी बारीक अक्षरात नोंदही होती. ती कोण वाचतो? हार्वीत जलाशय भरला तो त्या घरांसकट. लोक कोर्टात गेले. भाताचं खाचर पाणी धरतं म्हणूनच खाचर असतं, हे कोकणातल्या पोरालाही कळतं.

विम्याबद्दल मात्र माझं मत काळानुसार बदललं. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोलतज्ज्ञानं 1940च्या दशकातच मांडलं होतं, की पूर देवाची करणी असेल, पण पुराचं नुकसान बरंचसं माणसाची. पूरविम्याची ही सरकारी योजना येण्याआधी तिचा विचार करणाऱ्या समितीचाही तोच प्रमुख होता, आणि विम्यामुळे लोक उलट जास्तच पूरक्षेत्रात बांधतील ही भीती त्या समितीनं तेव्हाच बोलून दाखवली होती. झालं तसंच. हप्ते स्वस्त राहिले, नुकसान मोठं होत गेलं. हार्वीच्या वर्षी संसदेनं या योजनेचं 1600 कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं, तरी 2000 कोटींहून जास्त उरलं.

पण मला खटकतं ते याहून छोटं आहे. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर पूरक्षेत्रातलं घर नव्या नियमानं उचलून उंच करावं लागतं. त्यासाठी विम्यातून जास्तीत जास्त 30,000 डॉलर मिळतात. लादीवरचं घर उचलायला लाखाच्या वर लागतात. म्हणून पूरक्षेत्रातले लोक नुकसान 50 टक्क्यांच्या आत दाखवायला धडपडतात. आम्ही रेघेबाहेर, आम्हाला तर ते बंधनही नव्हतं, आणि बंधन नाही असं कळल्यावर आम्ही सुटलो म्हणून हुश्श केलं. मग विम्याच्या पैशानं तीच भिंत, तीच लादी, त्याच उंचीवर परत. पलीकडच्या गल्लीतल्या एका घराला 2015, 2016 आणि 2017 अशी तीन वर्षं हे पैसे मिळाले, आणि घर इंचभरही वर गेलं नाही. माझं म्हणणं, पहिल्यांदा बिनशर्त द्या. दुसऱ्यांदा द्यायचे तर घर उचलायला किंवा जागा सोडायला पुरतील इतके द्या, आणि त्याच अटीवर द्या.

आणि हप्ते खरे करा, असं म्हणणं सोपं आहे. 2012 साली तसा कायदा केला होता. लोकांनी इतकी ओरड केली की 2014 साली तो बराचसा मागे घेतला. 2021 पासून पुन्हा नवं गणित आलं, राहत्या घराला वर्षाला फार तर 18 टक्के वाढ. त्या ओरडणाऱ्यांत शेजारच्या आजीबाईही होत्या. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला खरा हप्ता लावला तर ती जाणार कुठे?

"मग तुम्ही विकून का नाही गेलात?" हेही विचारतात. घर विकता येतं, पाणी विकता येत नाही. ते पुढच्याच्या नशिबी जातं. हार्वीनंतर आमच्या गल्लीतली दोन घरं गुंतवणूकदारांनी पडेल किमतीला घेतली, रंग लावला आणि तरुण जोडप्यांना विकली. आधीचा पूर विकणाऱ्यानं स्पष्ट सांगावा असा टेक्ससचा कडक कायदा 2019 साली आला. आता पूरक्षेत्रात नवं घर पाचशे वर्षांच्या पुराच्याही दोन फूट वर बांधावं लागतं. तो नियम शहराच्या कौन्सिलनं 2018 साली नऊ विरुद्ध सात मतांनी मंजूर केला. सात जण विरोधात, आणि हार्वी होऊन वर्षही झालं नव्हतं!

आजीबाईंच्या मुलांनी त्यांचं घर पाडून नवं बांधलं, नियम लागू नसतानाही उंच. दारापर्यंत नऊ पायऱ्या आहेत. आजीबाई आता त्या चढत नाहीत, मागच्या बाजूला लिफ्ट आहे. आमचं अजून लादीवरच. उचलायचे पैसे आम्ही मुलीच्या कॉलेजात घातले. तेवढं एक केलंय, भिंती परत लावताना विजेची बटणं आणि प्लग तीन फुटांवर घेतले. पाहुणे आले की चार्जर हातात घेऊन सोफ्यामागे वाकून शोधत राहतात, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, वर बघा, वर.