कापडी मास्कची निर्यात: माझा अनुभव

पुण्यातल्या धायरीत माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. एप्रन, टेबलक्लॉथ, किचन टॉवेल असा सुती माल आम्ही जर्मनीतल्या एका ग्राहकाला पाठवतो. 2020 च्या एप्रिलमध्ये त्यांचा मेल आला. एप्रनची ऑर्डर थांबवली होती आणि खाली विचारलं होतं की धुऊन पुन्हा वापरता येतील असे सुती मास्क द्याल का? इचलकरंजीचं कापड पडून होतं, मशिनं होती, कामाची वाट बघणाऱ्या बायका होत्या. पण भारतातून मास्क बाहेर पाठवायला बंदी होती.

देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला 30 जानेवारीला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने मास्क आणि पीपीईची (संसर्गापासून वाचवणाऱ्या पोशाख-साहित्याची) निर्यात थांबवली. फेब्रुवारीत काही वस्तू खुल्या झाल्या, 19 मार्चला सर्जिकल मास्क, व्हेंटिलेटर आणि मास्कसाठी लागणारं कापडसुद्धा पुन्हा अडवलं. मला ही बंदी तेव्हाही पटली होती. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्चला आमच्याच पुण्यात सापडले. इथल्या नर्सच्या तोंडावरचा मास्क आधी इथेच राहायला हवा होता. जर्मनीनेही 4 मार्चला स्वतःकडचा असाच माल बाहेर पाठवणं थांबवलं होतं आणि 15 मार्चपासून युरोपीय संघाने परवान्याशिवाय पीपीई बाहेर सोडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे आमच्या ग्राहकाला फार समजवावं लागलं नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्य मंत्रालयानेच सांगितलं की सामान्य माणसाने घरी शिवलेला कापडी मास्क वापरावा, वैद्यकीय मास्क डॉक्टर-नर्सेससाठी राहू द्यावेत. म्हणजे दोन मास्क वेगळे आहेत, हे सरकारला मान्य होतं. निर्यातीच्या नियमात मात्र हा फरक यायला मेचा मध्य उजाडला. सुती कापडाच्या दोन थरांनी कुठल्याही आयसीयूचा पुरवठा कमी होणार नव्हता. तेवढ्या काळात आमच्यासारख्या कितीतरी युनिटमधल्या बायकांची मजुरी बुडाली.

त्या दिवसांत रोज सकाळी डीजीएफटीची (आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाची) वेबसाइट उघडायची, नवीन अधिसूचना दिसली की कस्टम्सचं काम बघणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटांना फोन लावायचा. एका ओळखीच्या माणसाने सुचवलं, "इनव्हॉइसवर सुती रुमाल लिहा ना, कोण बघतंय!" मी साफ नाही म्हटलं. खोटं वर्णन दिलं तर माल जप्त होतो, दंड बसतो आणि आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणाऱ्या नोंदणी क्रमांकावर, गदा येते. शिवाय असं करणारा प्रत्येक जण पुढच्या प्रामाणिक निर्यातदाराची तपासणी वाढवून ठेवतो.

इथे एक गोष्ट छोट्या निर्यातदारांनी लक्षात घ्यावी. अचानक बंदी आली तर जुन्या सौद्यांना सवलत देणारी तरतूद परराष्ट्र व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 मध्ये आहे. पण ती आहे बंदीच्या आधी उघडलेल्या अपरिवर्तनीय एलसीसाठी (ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या, मागे न घेता येणाऱ्या पैशांच्या हमीसाठी), आणि अधिसूचनेत वेगळं काही म्हटलं नसेल तरच. आमच्यासारखे लोक मेलवरची ऑर्डर आणि टीटीने (थेट बँक ट्रान्सफरने) आलेला अ‍ॅडव्हान्स यांवर काम करतात. एलसी उघडण्याइतका व्यवहारच मोठा नसतो. म्हणजे ज्याच्याकडे धक्का सोसायची ताकद कमी, त्यालाच ही सवलत लागू नाही. धोरण आखणाऱ्यांनी हे खरंच बघायला हवं.

मदत झाली नाही असं मात्र म्हणणार नाही. जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरायला 30 जूनपर्यंत मुदत मिळाली. 31 जुलैपर्यंतच्या निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली. जुना ग्राहक पैसे लांबवत असताना या एका निर्णयाने माझी झोप वाचवली.

16 मे, शनिवार. एजंटांचा फोन आला, "ताई, झालं! बिगर-वैद्यकीय मास्क खुले." अधिसूचनेत सुती, रेशमी, लोकरी, पॉलिस्टर, विणलेले, निटेड असे सगळे प्रकार स्पष्ट लिहिले होते. बाकी मास्कवर बंदी कायम होती, म्हणून आपला माल कोणत्या बाजूला बसतो हे कागदावर दाखवणं हेच खरं काम होतं.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल या तिन्हींवर एकच वर्णन ठेवलं: 100 टक्के सुती, विणलेल्या कापडाचा, धुऊन वापरायचा मास्क, वैद्यकीय वापरासाठी नाही. लेटरहेडवर तसं हमीपत्र, कापडाचा तपशील, मालाचे फोटो आणि अधिसूचनेची प्रत जोडली. मास्कच्या आतल्या बाजूला, डाव्या शिवणीत, "नॉन-मेडिकल" लिहिलेलं बोटभर लेबल शिवलं. इलॅस्टिक मिळेना, कारण रविवार पेठ सील होती. मग त्याच कापडाच्या तिरप्या पट्ट्या कापून नाड्या केल्या. वजन कमी झालं आणि ग्राहकाला त्या जास्त आवडल्या.

तरीही तपासणीत एक खोकं उघडलं गेलं. अधिकाऱ्यांनी मास्क उलटा करून लेबल वाचलं, चुण्या उलगडून आत फिल्टरचा थर आहे का ते चाचपलं, आणि सोडलं. प्रवासी विमानं बंद असल्याने हवाई भाडं भयंकर वाढलेलं होतं. ते आम्ही आणि ग्राहकाने निम्मं-निम्मं उचललं.

पुढे पीपीई कव्हरऑल (अंगभर घालायचे संरक्षक सूट) जूनअखेर महिन्याला 50 लाख नगांच्या कोट्यात निर्यातीला खुले झाले, ऑक्टोबरमध्ये एन-95 सुद्धा खुले झाले. आता माझ्या प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर एक कलम असतं: निर्यातीवर सरकारी बंदी आल्यास कापलेल्या कापडाचा आणि झालेल्या शिलाईचा खर्च ग्राहक देईल, आणि बंदी उठल्यावर पहिला माल त्यालाच जाईल. जर्मनीच्या ग्राहकाने त्यावर काहीही न विचारता सही केली.