मागचा डावा बर्नर नॉब सोडला की विझतो: दुरुस्तीची नोंद

मंडळी, गेले तीन आठवडे गॅसच्या शेगडीचा हा बर्नर माझा अंत पाहत होता. काल रात्री त्याचा प्रश्न सुटला. कसा सुटला ते सविस्तर लिहून ठेवते, कारण मी ज्या पार्टला दोष देत होते तो पार्ट शेवटी निर्दोष निघाला.

शेगडी ओट्यात बसवलेली, वरून काच, चार बर्नर, आठ वर्षं वापरातली. तक्रारी तीन. मागचा डावा बर्नर नॉब दाबून धरला तोवर छान जळतो, हात काढला की विझतो. पुढचा उजवा पिवळा जळतो आणि भांड्यांची बुडं काळी करतो. मागच्या उजव्याची ठिणगी कधी पडते, कधी नुसतीच टकटक ऐकू येते.

हात घालण्याआधी दर वेळी मी हेच केलं: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मग एक बर्नर पेटवून नळीत उरलेला गॅस जाळून टाकला, शेगडीच्या इग्निशनचा, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचा, प्लग काढला, खिडक्या उघड्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता ओट्याखालच्या कपाटात साचतो, म्हणून कपाटाची दारंही उघडी ठेवली.

पहिला शनिवार

नॉब सोडल्यावर ज्योत जाते म्हटलं की पहिला संशय थर्मोकपलवर. बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढी जी धातूची दांडी उभी असते, ती हीच. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यातून किंचित वीज निर्माण होते. १८२१ मध्ये थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम दिसला तोही होकायंत्राची सुई हलल्यामुळे. आपल्या शेगडीतही ती वीज एका चुंबकाच्याच कामाला येते: वाल्वच्या आतला छोटा विद्युतचुंबक त्या मिलिव्होल्टांवर गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, टोक थंड झालं, की चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग गॅस बंद करते.

टोकावर काळा, कडक थर होता. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढला. दुसऱ्या टोकाचा नट वाल्वला जिथे बसतो तिथलं तोंड कापडाने पुसलं. नट बोटांनी घट्ट केला आणि पान्ह्याने जेमतेम पाव फेरा दिला. इथे जोर लावायचा नाही. आतला इन्सुलेशनचा वायसर चेपला की चांगलं थर्मोकपलही शॉर्ट होतं.

फरक शून्य. मी नवं थर्मोकपल मागवून मोकळी झाले. मोजण्याआधी मागवलं, ही चूक.

दुसरा रविवार

नवा पार्ट यायच्या आत मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचा मीटर, काढला. गॅस पूर्ण बंद ठेवूनही थर्मोकपल तपासता येतं, ही या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नट सोडवून मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावला, एक प्रोब तारेच्या टोकाच्या टिकलीवर, दुसरा तांब्याच्या नळीवर. रेग्युलेटर बंद आहे, कुठे वास नाही, याची दोनदा खात्री केली आणि मग टोकाखाली मेणबत्ती धरली. आकडा हळूहळू चढत २१ मिलिव्होल्टवर थांबला. शेजारच्या नीट चालणाऱ्या बर्नरचं थर्मोकपल तसंच तापवलं, ते २३ वर गेलं. म्हणजे आजारी समजलेला पार्ट ठणठणीत होता.

मग चुंबक? त्याचीही परीक्षा मेणबत्तीवरच होते. नट परत जोडला, नॉब दाबून फिरवला, टोक अर्धा मिनिट तापवलं, नॉब सोडला, मेणबत्ती बाजूला केली आणि कान लावून बसले. नीट चालणाऱ्या बर्नरवर पंधरा-वीस सेकंदांनी आतून स्पष्ट 'टक' असा आवाज येतो. ती चुंबकाची पकड सुटल्याची खूण. मागच्या डाव्यावर मात्र नॉब सोडताक्षणी टक. चुंबकाने धरलंच नव्हतं.

त्या रात्री मी चुंबकच गेला असं धरून झोपले.

तिसरा शनिवार

चुंबक बदलायचा तर वाल्वची बॉडी उघडावी लागते. तिथे मी हात घालत नाही, ते काम परवाना असलेल्या मेकॅनिकचं. त्याला बोलावण्याआधी एक शेवटचा प्रयोग म्हणून नॉब उपसून काढला. खाली वाल्वची इंग्रजी डीच्या आकाराची दांडी. तिच्याभोवती कापड गुंडाळून पकडीने फिरवली, अंगठ्याने थेट दाबली, मेणबत्ती लावली, सोडली. शांतता. मेणबत्ती काढली आणि वीस सेकंद मोजले. टक!

पुन्हा केलं, पुन्हा तेच. नॉब लावून केलं तर धरत नाही, नॉब काढून केलं तर धरतं. दांडीवर पॅनलच्या पातळीला पेनाने रेघ मारली आणि दोन्ही वेळा ती किती आत जाते ते पाहिलं. नॉबसह दाबल्यावर दांडी जवळजवळ एक मिलिमीटर कमी आत जात होती.

त्या एका मिलिमीटरात सगळं अडलं होतं. थर्मोकपलची वीज इतकी नाजूक असते की चुंबक गॅसची वाट उघडणारी लोखंडी चकती स्वतःकडे ओढून घेऊच शकत नाही. चकती चुंबकाला नेऊन टेकवायचं काम आपल्या बोटाचं, टेकलेली धरून ठेवणं एवढंच चुंबकाचं. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी पकड बसत नाही.

नॉब अडत होता तो दांडीभोवतीच्या रबरी रिंगवर. उतू गेलेलं आणि पुसताना आत ढकललेलं तेलकट पाणी पिऊन ती फुगली होती. तिच्याखाली पॅनलच्या कडेला मेणासारखा पिवळट, टणक मळ कड्यासारखा जमला होता. लाकडी टूथपिकने तो सोलला तेव्हा अखंड निघाला, अर्ध्या बांगडीच्या आकारात. रिंग खात्रीसाठी शेजारच्या बर्नरशी बदलून पाहिली, तर दुखणं तिच्याबरोबर शेजारी गेलं. नवी रिंग लावली. आता गॅस सुरू करून तीन सेकंद दाबलं की ज्योत टिकते. सोडवलेले सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासले, एकही बुडबुडा नाही.

आणलेलं थर्मोकपल खणात आहे. पुढेमागे लागेलच.

पिवळी ज्योत

हिचं निदान सरळ होतं. प्रोपेनच्या एका मापाला पूर्ण जळायला साधारण २४ मापं हवा लागते, ब्युटेनला ३१. हवेची वाट तुंबली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये. माझ्या बर्नरच्या गळ्यात कोळसा झालेला एक तुकडा अडकला होता आणि डोक्याच्या एका बाजूची सात-आठ भोकं बुजली होती. गरम साबणपाण्यात भिजवून, ब्रशने घासून, पूर्ण कोरडं करून बसवलं. वरची टोपी खाचेत नीट बसली नाही तरीही ज्योत वेडीवाकडी होते, तेवढं बघा.

जेटही काढला, ७ मिलिमीटरच्या सॉकेटने. बर्नरमध्ये गॅस ज्याच्या बारीक भोकातून येतो तो हा पितळी तुकडा. त्यावर कोरलेला आकडा बहुतेक वेळा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो: ६५ म्हणजे ०.६५ मिलिमीटर. यात कृपा करून सुई किंवा ड्रिल घालू नका. पितळ मऊ असतं. ०.६५ चं ०.७० झालं तर डोळ्यांना काही कळणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढतं आणि गॅसही जवळजवळ त्याच प्रमाणात जास्त येतो. मी वायरमधली तांब्याची एकच बारीक तार वापरली आणि मग उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का ते पाहिलं. नवा जेट घेताना एलपीजीचा की पाइपच्या नैसर्गिक गॅसचा, हे विचारूनच घ्या. नैसर्गिक गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं, तो एलपीजीवर लावणं धोक्याचं.

ज्योत आता निळी आहे, आतला सुळका टोकदार.

राहिलेलं

मागच्या उजव्याची ठिणगी. दिवे मालवून बटण दाबलं तेव्हा दिसलं: ठिणगी टोकावरून न पडता पांढऱ्या सिरॅमिकच्या मधूनच आडवी बाहेर येते. दिवसा नखालाही न लागणारी चीर आहे तिथे. इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी पाडणारी ही सिरॅमिकची दांडी, मागवला आहे, या वेळी तपासून. तोवर तो बर्नर लायटरने पेटवते आहे.