वहिनीची कुडी आणि नवं यंत्र

नऊ वर्षांनी मेटल डिटेक्टर माळ्यावरून खाली आला, त्याला कारण वहिनीची सोन्याची कुडी. उरणच्या पिरवाडीला सगळे गेलो होतो, लाटांत उभी असताना कानातून निसटली. रात्री जेवताना ती म्हणाली, "भावोजी, तुमचं ते यंत्र कधी कामाला येणार?" खारघरला घरी पोचल्यावर आधी शिडी लावली.

सेल आतच विसरलो होतो. पाझरून स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. लिंबाने घासून कसाबसा चालू केला आणि रविवारी बेलापूरहून उरण लोकल पकडली. (पूर्वी एसटीने जायचो, रेल्वे उरणपर्यंत पोचली ती जानेवारी २०२४ मध्ये.) कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं वागलं. ओल्या वाळूत नेलं आणि जे किंचाळत सुटलं ते थांबेना. संवेदनशीलता कमी करत नेली तेव्हा गप्प झालं, पण मग चार बोटं खोल पुरलेली माझी स्वतःची अंगठीही त्याला दिसेना.

दोष वाळूतल्या मिठाचा. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे यंत्राला तेही धातूसारखंच भासतं. माझं जुनं यंत्र साडेसहा किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, शिवाय जमिनीशी जुळवून घेण्याचं सेटिंग कारखान्यातून ठरलेलं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारं यंत्र त्यांची उत्तरं ताडून मिठाचा आवाज वजा करू शकतं. निवड खरं तर तिथेच झाली होती, पण मी दोन महिने घोळ घातलाच.

घोळाचं कारण परदेशी व्हिडिओ. त्यात चांदीची नाणी टणटणतात. आपल्याकडचं गणित वेगळं. गच्चीवर जुन्या नाण्यांचा डबा ओतून पाहिला: ॲल्युमिनियमचे षटकोनी वीस पैसे झकास वाजले, आताचा स्टीलचा रुपया मात्र लोखंड म्हणून बाद. लोहचुंबकाला चिकटतो तो, यंत्राचं तरी काय चुकलं? रुपया सुटला तर सुटो, माझी अडचण सोन्याची. धातू ओळखायला यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, पण बारीक सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांचे आकडे जवळपास सारखेच येतात. कितीही महाग यंत्र घ्या, कचरा उकरावाच लागतो. हे पटल्यावर आकड्यांच्या नादाला लागणं सोडलं.

शेवटी तीन नावं उरली. नोक्ताचं सिम्प्लेक्स स्वस्त, पण एकच फ्रिक्वेन्सी. त्याच कंपनीचं लेजंड आणि मिनलॅबचं इक्विनॉक्स, दोन्ही मल्टिफ्रिक्वेन्सी आणि पाण्यात बुडवता येणारी. वाशीच्या एका मित्राचं लेजंड सकाळभर वापरायला मिळालं. ओल्या वाळूत ते शांत राहिलं आणि दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी अंगठी स्वच्छ बोलली. तेच घेतलं. घरात किंमत अजून पूर्ण सांगितलेली नाही.

किल्ल्यांच्या आसपास यंत्र बाहेर काढत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किनाऱ्यावरही चौकीत सांगून उतरतो, पहिल्याच दिवशी हवालदारांनी विचारलं होतं, "बॉम्बशोधक पथकातून का?"

नव्या यंत्राची पहिली फेरी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते त्या दिवशी पडली. जाळं विणत बसलेले एक कोळी मामा म्हणाले, "आज पाणी लांब जायचं नाय. अमावस्येच्या ओहोटीला ये." मग अमावस्येला गेलो. चार तासांत बाटल्यांची अकरा बुचं, एक चमचा आणि जाळ्याच्या शिशाच्या सात गोळ्या. गोळ्या मामांना दिल्या, त्यांनी लगेच पिशवीत टाकल्या.

कुडी नाही. वहिनीने दुसरी करून घेतली आहे, पण उरणहून परतलो की विचारते.